चार जणांचा सिनेमा, एकाचं नाव

रविवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. स्थळ, पेणकरपाड्यातला आमचा वन बीएचके. जमिनीवर वडापावचे चुरगळलेले कागद, कोपऱ्यात हार्मोनियम, मध्ये लॅपटॉप आणि त्याच्याभोवती चार दिशांना तोंडं करून बसलेले चार जण. बाहेर हायवेवरून ट्रक चाललेत, आत पिनड्रॉप सायलेन्स.

आम्ही चौघं गेले आठ महिने एक शॉर्ट फिल्म करतोय. बावीस मिनिटांची म्युझिकल कॉमेडी. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत प्रत्येक मेंबर आपली तक्रार गाऊन मांडतो, असा एकूण मामला. गळका पाइप लावणीत, पार्किंगचं भांडण भारुडात वगैरे. एक जण डिरेक्ट करतो, एक चाली लावतो, संवाद आणि गाणी मी लिहिते. चौथा दिवसा ऑफिस आणि रात्री एडिटिंग करतो, शिवाय त्याने दिवाळीचा अख्खा बोनस यात घातलाय. सगळं मस्त चाललं होतं. मग डिरेक्टरसाहेबांनी पोस्टर उघडलं. वर झोकात त्यांचं नाव, खाली ‘यांची फिल्म’. उरलेले तिघं? आहोत ना! तळाशी, मुंगीच्या अक्षरात.

म्युझिकवाल्याने हार्मोनियमचा भाता बंद केला आणि शांतपणे म्हणाला, ‘‘मग चालीपण तूच लाव.’’

झालं! आठ महिन्यांची दोस्ती आठ मिनिटांत व्हेंटिलेटरवर. ‘आयडिया माझी होती’, ‘पैसे माझे आहेत’, ‘गाण्यांशिवाय तुझ्या आयडियाला विचारतं कोण’ असले सगळे डायलॉग झाले. (मी लिहिलेल्या डायलॉगपेक्षा ते जास्त नॅचरल होते, हे कबूल करते.) एवढ्यात आतल्या खोलीतून आजी बाहेर आली. तिची झोपमोड झाली होती आणि गिरणगावातल्या बाईची झोप मोडली की समोर कोण आहे ते ती बघत नाही.

‘‘काय रे पोरांनो, ‘सोंगाड्या’ कुणाचा?’’

‘‘दादा कोंडक्यांचा!’’ चौघंही एका सुरात. रात्रभरात पहिल्यांदाच एकमत.

‘‘आणि लिहिलेला कुणी? चाली कुणाच्या? तो बसवला कुणी?’’

पुन्हा पिनड्रॉप.

‘‘मग गप झोपा,’’ म्हणाली आणि आत गेली.

आजीला झोप लागली. मला नाही. खरंच की... मराठीतल्या सगळ्यात गाजलेल्या म्युझिकल कॉमेडींपैकी एक, तीही कुठल्या मोठ्या स्टुडिओच्या जिवावर नाही तर एका लोकनाट्यवाल्या नटाने स्वतः निर्माता होऊन काढलेली. म्हणजे आजच्या भाषेत चक्क ‘इंडी’! आणि तिच्यामागची टीम मला, मास कॉमच्या डिग्रीवालीला, सांगता येऊ नये? फ्रेंच न्यू वेव्हमधली पाच नावं मी झोपेत सांगेन, बॉस. दुसऱ्या दिवशी कामाला लागले. हा कॉलम म्हणजे त्या होमवर्कची फेअर कॉपी.

आधी सहा वर्षं रिहर्सल

‘सोंगाड्या’ आला १९७१ साली. पण माझ्या मते त्याची खरी सुरुवात १९६५ची आहे, कारण त्या वर्षी ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य रंगमंचावर आलं. लेखक वसंत सबनीस. मूळचा हा त्यांचा ‘छपरी पलंगाचा वग’. त्यात हवालदार झाले होते दादा कोंडके.

गोष्ट ऐका, तुमच्या ऑफिसचीच वाटेल. राज्यातला कोतवाल वारलाय. पुढचा नंबर आपलाच, अशा खात्रीत आपला हवालदार. पण खुर्ची जाते वशिल्याच्या माणसाला! मग हवालदार आणि मैनावती मिळून त्या नव्या कोतवालाला असा काही गंडवतात, की तो थेट राजाचा छपरी पलंगच चोरायला निघतो. अप्रेझलच्या आठवड्यात सगळ्या कॉर्पोरेट पार्कांत कम्पल्सरी दाखवावं असं प्रकरण आहे. हेच पुढे हिंदीत ‘सैंया भये कोतवाल’ झालं आणि तिकडेही धो धो चाललं.

आता दादा कोण? नायगावच्या चाळीत वाढलेला, गिरणी कामगाराचा मुलगा. कागदोपत्री नाव कृष्णा. मूळ गाव भोरकडचं इंगवली. बँडमध्ये वाजवलं, ‘अपना बाजार’मध्ये नोकरी केली आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात कामं केली. निळू फुले, राम नगरकर हेही त्याच सेवा दलाच्या मुशीतले. म्हणजे हे लोक एखाद्या स्ट्रगलर्सच्या कॅफेत भेटले नव्हते. सतरंज्या उचलणं, ट्रंका वाहणं आणि मिळेल त्या स्टेजवर उभं राहणं, हे ज्यात आलंच अशा कामातून ते तयार झाले होते.

‘विच्छा’चे हजाराच्या वर प्रयोग झाले. आमच्या आजोबांनी ते तीनदा पाहिलं होतं आणि तीनही वेळा वेगळं पाहिलं, असं आजी सांगते. ते थापा मारत नसावेत. कारण या प्रकाराची गंमतच ती आहे.

तमाशाचा ढाचा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत परीक्षेपुरता पाठ केलाय. गण, गौळण, बतावणी, वग. गणात गणपतीला नमन. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची ती बेरकी मावशी आणि वाट अडवणारे कृष्ण-पेंद्या. बतावणीत दोघांची जुगलबंदी, कोट्या, टोमणे. आणि मग वग म्हणजे मुख्य गोष्ट. वगाचा सांगाडा ठरलेला असतो, पण त्यावरचं मांस रोजचं ताजं असू शकतं. आज पेपरात काय आलं, या गावचा सरपंच कोण, समोरच्या रांगेत कोण बसलंय, सगळं त्यात घुसतं. आणि ते घुसवणारा मेन माणूस म्हणजे सोंगाड्या! ढोलकीवाला त्याच्या तोंडाकडे बघत असतो. वाक्य पडलं की थाप पडते. थाप अर्धा सेकंद उशिरा पडली की हशा गेला.

आता कळलं? हा लाइव्ह म्युझिकल कॉमेडीचा वर्कशॉप होता, आणि तो सिनेमाच्या आधी सहा वर्षं चालला. कुठल्या ओळीला लालबागला हशा येतो, कुठल्या ओळीला कोल्हापूरला येतो, बाया कुठे पदर तोंडाला लावतात आणि पोरं कुठे शिट्टी मारतात, हा सगळा डेटा दादांच्या डोक्यात साठला असणार. आज कंपन्या असल्या डेटासाठी लाखो रुपये मोजतात. दादांना तो तिकीट विकून मिळाला!

आम्ही? आठ महिन्यांत आमची स्क्रिप्ट फक्त एकमेकांना वाचून दाखवली. आणि एकमेकांच्या जोकवर हसलो. दोस्तीखात्यात.

कुणी काय केलं

दादांना सिनेमात आणायला निमित्त झाल्या आशा भोसले. त्यांनी ‘विच्छा’ पाहिलं आणि या माणसाचं नाव भालजी पेंढारकरांकडे पोचवलं, असं सांगतात. भालजींच्या ‘तांबडी माती’मध्ये (१९६९) दादांना पहिली भूमिका मिळाली. तो सिनेमा त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रीय सन्मानही घेऊन आला. एखाद्याने मग काय केलं असतं? दिग्गज दिग्दर्शकाचा हात डोक्यावर आहे, आता पुढच्या रोलच्या फोनची वाट बघायची. दादांनी काय केलं? स्वतःच निर्माता झाले.

पण, आणि इथे आमच्या डिरेक्टरसाहेबांनी जरा कान द्यावा, सगळं स्वतः केलं नाही.

लिहायला बोलावलं वसंत सबनिसांना. ज्याच्या शब्दांवर आपण सहा वर्षं टाळ्या घेतल्या, तोच माणूस. सबनीस हे विनोदाचं वेगळंच रसायन. शहरी वाचकाला खुलवणारी लेखणी आणि वगाची अस्सल पकड, दोन्ही एकाच खिशात. आणखी एक शॉक देऊ का? तुमच्या-माझ्या पिढीला ज्याचे डायलॉग तोंडपाठ आहेत त्या ‘अशी ही बनवाबनवी’चं (१९८८) लेखनही याच माणसाचं! म्हणजे चाळीतल्या आजोबांना आणि मोबाइलवर मीम फॉरवर्ड करणाऱ्या नातीला हसवणारा लेखक एकच. आणि दोघांनाही त्याचं नाव पटकन आठवत नाही.

दिग्दर्शनाला गोविंद कुलकर्णी. हे नाव तर आम्हा चौघांपैकी कुणीच ऐकलं नव्हतं. विचार करा, काय अवघड नोकरी असेल ती! समोर असा नट, जो प्रत्येक प्रयोगात वेगळं बोलायला सरावलेला. स्टेजवर ते चालतं, कॅमेऱ्यापुढे नाही. क्लोजअपमध्ये एक बोललास आणि लाँगशॉटमध्ये दुसरंच, तर एडिट टेबलवर बोंबाबोंब. वर तो नटच तुमचा निर्माता! म्हणजे बॉसला ‘सर, पुन्हा एकदा’ सांगायचं. तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या बॉसला हे सांगितलंय? हात वर करा.

संगीत राम कदमांचं. या माणसाचं ते वर्ष बघा. १९७१ला ‘सोंगाड्या’, १९७२ला व्ही. शांतारामांचा ‘पिंजरा’. एकीकडे तमाशाच्या नादाला लागलेल्या भोळसट नाम्याची धमाल, दुसरीकडे तमाशापायी उद्ध्वस्त झालेल्या मास्तरांची शोकांतिका. ढोलकी तीच, घुंगरू तेच. एका ठिकाणी हसवायचं आणि दुसऱ्या ठिकाणी काळीज चिरायचं. संगीतकार म्हणजे ‘चार गाणी देणारा माणूस’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे दोन सिनेमे पाठोपाठ बघावेत. सिनेमाचा सूर कुठला, हे कथेइतकंच वाद्यं ठरवतात.

पडद्यावर दादा झाले नाम्या. आईच्या धाकातला, जगाचं खरं-खोटं न कळणारा. त्याची ती करारी आये, म्हणजे रत्नमाला. आणि त्याला नादावणारी तमाशातली कलावती, म्हणजे उषा चव्हाण.

इथे थोडं थांबते. मुलगी म्हणून मला दादांच्या सिनेमांशी भांडण आहेच. पुढे पुढे त्यांच्या द्वयर्थी संवादांचा बाज इतका वाढला की विनोदाचं निशाण बहुतेक वेळा बाईच व्हायची. पण आजीबरोबर दादांचे जुने सिनेमे बघताना एक गोष्ट ध्यानात आली. उषा चव्हाण नुसती ऐकून घेत नाही, उलट टाकते. तिच्या टाइमिंगशिवाय दादांचा निम्मा विनोद जमिनीवर पडेल. दुहेरी अर्थाचं वाक्य पुरुषाने टाकायचं आणि बाईने लाजायचं, हा झाला फालतू फॉर्म्युला. बाईने ते झेलून वरचढ परत मारायचं, ही झाली बतावणी. तीच गोष्ट रत्नमालाबाईंची. नाम्याचं बावळटपण खुलतं कुणामुळे? समोर तेवढी कडक आई उभी आहे म्हणून! कॉमेडीत जो हसत नाही, त्याच्यामुळे हसू येतं. हे रत्नमालाबाईंकडून शिकावं.

तर हिशेब करा. शब्द एकाचे, चाली दुसऱ्याच्या, शॉट तिसऱ्याचा, झेल दोन बायकांचा, रिस्क आणि चेहरा दादांचा. एकटा माणूस कुठे दिसतोय?

कोहिनूरची गोष्ट

बरं, सिनेमा तयार झाला. आता थेटर? ‘सोंगाड्या’ची सगळ्यात मोठी लढाई सेटवर झालीच नाही. ती झाली दादरमध्ये.

दादरचं ‘कोहिनूर’ थिएटर ‘सोंगाड्या’साठी ठरलेलं होतं. ऐन वेळी तिथे देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’चा नंबर लागला. एका बाजूला देव आनंद, दुसऱ्या बाजूला कोण कुठला लोकनाट्यवाला! थिएटरवाल्याचा हिशेब सरळ होता. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले. शिवसेना तेव्हा पाच वर्षांची. शिवसैनिक थिएटरवर पोचले आणि ‘सोंगाड्या’ कोहिनूरला लागला. पुढे काय झालं ते आजी सांगते, ‘‘तिकीट काळ्या बाजारात, बाय!’’ लालबाग-परळ-नायगावची गिरणीची पाळी सुटली की माणसं सरळ थिएटरकडे. आपल्यासारखा दिसणारा, आपल्यासारखा बोलणारा हिरो त्यांना पडद्यावर भेटला होता.

ही गोष्ट सांगताना दोन टोकांची माणसं भेटतात. काही जण म्हणतात, बघा, दमदाटी केल्याशिवाय मराठी सिनेमाला थिएटर मिळत नाही. काही म्हणतात, दमदाटीने मिळालेलं थिएटर कसलं? मला वाटतं दोघंही एक साधी गोष्ट विसरतात. सैनिकांनी सिनेमा लावला असेल, चालवला नाही. थिएटर एका दिवसात मिळवता येतं, पंचवीस आठवडे कुणी कुणाला धाकाने खुर्चीत बसवत नाही. आणि दादांचे एकामागून एक नऊ सिनेमे पंचवीस आठवडे चालले. त्या रौप्यमहोत्सवांची नोंद गिनेस बुकात झाली. ते श्रेय पब्लिकचं आणि ‘विच्छा’च्या सहा वर्षांचं.

पण थिएटरचं दुखणं काही १९७१ला संपलं नाही हं. २०१५च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी ६ ते ९ हा प्राइम टाइम मराठी सिनेमाला द्यायचं जाहीर केलं, त्यावरून टीव्हीवर आणि ट्विटरवर आठवडाभर राडा झाला आणि शेवटी ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल झाली. म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनीही प्रश्न तोच! सिनेमा करणं कठीण नाही, तो माणसं घरी असताना दाखवणं कठीण आहे. सोमवारी सकाळी ११चा शो लावून वर ‘मराठी माणूस मराठी सिनेमा बघत नाही’ म्हणणाऱ्यांना एकदा तरी माझी ८.१४ची लोकल घ्यायला लावली पाहिजे.

गोव्याच्या एका टीमने याला मस्त उत्तर शोधलं होतं. बार्डरॉय बारेटो या दिग्दर्शकाचा ‘नाचुंया कुंपासार’ (२०१४) हा कोंकणी म्युझिकल. कॉमेडी नाही, हळवी प्रेमकहाणी आहे, पण टीमची जिद्द अगदी आपल्या विषयातली. ख्रिस पेरी आणि लोर्ना या गोव्याच्या जोडीच्या संगीतावर बेतलेला, जवळपास वीस गाणी, मुख्य भूमिकांत विजय मौर्य आणि पालोमी घोष. पैसे उभे राहिले ते ही गाणी ऐकत मोठ्या झालेल्या माणसांच्या खिशांतून. आणि नेहमीच्या वितरकांची वाट न बघता टीमने स्वतः हॉल घेऊन खेळ लावले. सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपट आणि प्रॉडक्शन डिझाइन असे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, शिवाय पालोमीचा खास उल्लेख झाला. थोडक्यात, यांनी सिनेमा अगदी तमाशाच्या फडासारखा फिरवला!

तर मग नाव कुणाचं?

आता मूळ भांडणावर येऊ. ‘सोंगाड्या’नंतर ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३) आणि मग ‘पांडू हवालदार’ (१९७५). ‘पांडू’पासून दादा स्वतःच दिग्दर्शक झाले. नट तेच, निर्माते तेच, दिग्दर्शक तेच. त्यानंतर गाडी अशी सुसाट सुटली की ‘दादांचा सिनेमा’ ही वेगळी कॅटेगरीच झाली. यात गैर काय? रिस्क त्यांची, चेहरा त्यांचा. ज्याच्यासाठी पब्लिक येतं त्याचं नाव मोठं होणारच. हे मान्य.

पण त्याच ‘पांडू’मध्ये एक छोटी गोष्ट घडली. अशोक सराफ नावाच्या नटाला घराघरात पोचवणारा हा सिनेमा, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मी सांगतेय ती दुसरीच. संगीताला दादांनी नवी जोडी घेतली होती. सुरेंद्र आणि विजय पाटील. त्यांचं नाव ठेवलं गेलं राम-लक्ष्मण. सुरेंद्र म्हणजे राम, आणि नागपूरकर विजय पाटील म्हणजे लक्ष्मण.

जोडी जमली. हिंदीतून बोलावणं आलं, राजश्रीचा ‘एजंट विनोद’ (१९७७) हाती आला. आणि त्याच सुमारास राम गेले.

आता लक्ष्मण एकटे. सगळी पुढची कामं एकट्याने करायची. कुणी काय म्हटलं असतं? ‘संगीत विजय पाटील’ असं लिहायला कोण अडवत होतं? पण त्यांनी ते केलं नाही. १९८९ला ‘मैंने प्यार किया’ आला, अख्खा देश ती गाणी गुणगुणत होता आणि पडद्यावर नाव होतं राम-लक्ष्मण. १९९४ला ‘हम आपके हैं कौन’, पुन्हा राम-लक्ष्मण. १९९९ला ‘हम साथ साथ हैं’, तेच. २०२१च्या मे महिन्यात नागपुरात त्यांचं निधन झालं, तेव्हाही बातमी ‘संगीतकार राम-लक्ष्मण यांचं निधन’ अशीच आली. ज्या मित्राने यातली एकही चाल लावली नव्हती, त्याचं नाव चाळीसहून जास्त वर्षं आधी लागत राहिलं. आधी राम, मग लक्ष्मण.

मी ‘मैंने प्यार किया’ची कॅसेट घरात बघत मोठी झाले. इतकी वर्षं मला वाटायचं ही दोन माणसं आहेत. एक होता, आणि एक त्याची जागा सांभाळून बसला होता, हे मला आत्ता कळलं. खरं सांगू? ऑफिसमध्ये दुसऱ्याची स्लाइड आपल्या नावाने फॉरवर्ड करणाऱ्या जगात राहून हे वाचलं की घशात काहीतरी अडकतं.

पुन्हा पेणकरपाडा

बुधवारी रात्री परत मीटिंग बोलावली. वडापाव माझ्याकडून. मी हे सगळं सांगितलं. म्युझिकवाला राम-लक्ष्मणच्या गोष्टीला उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. डिरेक्टरसाहेब म्हणाले, ‘‘पण एक कॅप्टन तर लागतोच ना?’’ लागतोच. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. सेटवर चार जण चार दिशांना ओरडले तर सोसायटीची खरीखुरी सभा होईल, सिनेमा होणार नाही. गोविंद कुलकर्ण्यांनाही शेवटी कधीतरी ‘कट’ म्हणावंच लागलं असेल, समोर निर्माता असला तरी.

तेव्हा भांडण मिटलं असं नाही, पण कमी झालं. चार गोष्टी ठरल्या.

एक, ‘यांची फिल्म’ ही पाटी गेली. चार नावं, चार कामं, एकाच मापाच्या अक्षरांत. क्रम कामाच्या ओघाने. आधी लेखन, मग संगीत, मग संकलन-निर्मिती आणि शेवटी दिग्दर्शन. सिनेमात दिग्दर्शकाचं नाव शेवटी येतं आणि तोच मान असतो, हे कळल्यावर साहेब जरा खुलले.

दोन, बोनसवाल्याचे पैसे आधी फिटणार. काही मिळालंच तर पहिला रुपया त्याचा. हे कागदावर लिहून चौघांनी सह्या केल्या. दोस्तीत लिखापढी कसली, असं म्हणू नका. बहुतेक दोस्त्या तिथेच मार खातात.

तीन, फेस्टिवलला पाठवण्याआधी फिल्म माणसांना दाखवायची. कॅमेऱ्याशिवाय, नुसती उभं राहून. आमच्याच सोसायटीच्या गच्चीवर, हार्मोनियम-ढोलकी घेऊन, सगळे सीन वाचून-गाऊन करायचे. हसू कुठे येतं ते लिहून घ्यायचं. दादांना सहा वर्षं लागली, आम्ही निदान सहा रविवार देऊ.

चार, मोठ्या पडद्याचं स्वप्न तूर्त खिशात. पण महाजनवाडीला, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, २०२२ साली लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह उभं राहिलंय. इतकी वर्षं नाटक बघायचं तर आम्हा मीरा रोडकरांना बोरिवली नाहीतर ठाणे गाठावं लागायचं. आता बाजूने जाताना दर वेळी मी त्या इमारतीकडे बघते आणि मनात म्हणते, एक दिवस इथे आमचा प्रोजेक्टर लागेल. तिकीट आम्हीच फाडू.

पहिला गच्चीप्रयोग परवाच्या रविवारी झाला. प्रेक्षक अकरा, त्यात दोन कुत्री धरलेली नाहीत. पार्किंगच्या भारुडाला, जे मला स्वतःला महान वाटत होतं, कुणी हसलंच नाही. गळक्या पाइपच्या लावणीला मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या काकू इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. कारण पाइप त्यांचाच गळतोय. म्युझिकवाल्याने लगेच डोळ्यांनी खूण केली, मी तिथल्या तिथे त्यांच्या मजल्याचा नंबर ओळीत घातला, त्याने थाप दिली आणि गच्ची कोसळली. डिरेक्टर वहीत लिहीत होता. चौथा, बोनसवाला, नाइट शिफ्टमुळे डुलक्या काढत होता, तो हशाने जागा झाला आणि विचारलं, ‘‘काय झालं?’’

काही नाही रे. टीम झाली.

खाली आले तेव्हा आजी जागीच होती. ‘‘कसा झाला?’’ म्हणाली. मी म्हटलं, ‘‘भारूड पडलं, लावणी चालली.’’ तिने मान हलवली. ‘‘चालायचंच. आणि त्या ढोलकीवाल्याला आधी जेवायला वाढ. तुझे शब्द त्याच्यामुळे ऐकू येतात.’’

ता. क. : या विकेण्डला ‘सोंगाड्या’ बघा. आजी-आजोबांना शेजारी बसवून बघा. आणि प्लीज, सुरुवातीची श्रेयनामावली पळवू नका. दीड-दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ आपण सिग्नललाही घालवतो.